रोमची सवय, ब्रुसेल्सची धास्ती

गेल्या अंकात युरोपीय संघावर, म्हणजे ब्रुसेल्समधून चालणाऱ्या युरोपीय देशांच्या संघटनेवर, लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते : 'युरोपातला माणूस कुठल्या चर्चच्या छायेत वाढला, यावरून तो ब्रुसेल्सकडे कसा बघेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो.' त्या एका वाक्यावर पत्रांचा पाऊस पडला. काहींना ते पटलं, बऱ्याच जणांना झोंबलं. म्हणून या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकते.

प्रश्न : मी बँकेत हयात घालवली आहे. युरोपीय संघ कोळसा, पोलाद, शेतमालाचे भाव आणि चलन यांवर उभा राहिला. या रोकड्या हिशोबात तुम्ही धर्म कुठून घुसडलात? आणि तिथली चर्च तर ओस पडली आहेत!

उत्तर : हिशोब होताच, नाही कशाला म्हणू? ९ मे १९५० ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीचं कोळसा-पोलाद एका सामाईक यंत्रणेच्या हाती द्यायचा प्रस्ताव मांडला, तो व्यवहारच होता. पण पाच वर्षांपूर्वी ज्यांनी आपला देश व्यापला होता, त्यांच्याबरोबर पोलादाची किल्ली वाटून घ्यायची म्हणजे नुसत्या आकडेमोडीने भागत नाही. समोरच्यावर भरवसा लागतो. तो कुठून आला, हे पाहण्यासारखं आहे.

शुमान लक्झेंबर्गमध्ये जन्मलेले, घराणं लोरेनचं. लग्न केलं नाही, तरुणपणी पाद्री व्हायचा विचार केलेला, प्रार्थना चुकवायची नाही असा नेम. जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर कोलोनचे. नाझींनी हाकलेपर्यंत त्याच शहराचे महापौर. इटलीचे पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी यांचा जन्म त्रेंतिनोतला, तेव्हा तो ऑस्ट्रिया-हंगेरीत होता, त्यामुळे हे गृहस्थ तरुणपणी व्हिएन्नाच्या संसदेत बसलेले! पुढे मुसोलिनीने तुरुंगात टाकलं. सुटल्यावर व्हॅटिकनच्या ग्रंथालयात नोकरी करून दिवस काढले. तिघेही आपापल्या देशाच्या कडेला वाढलेले, तिघांनाही जर्मन उत्तम येणारं, तिघेही श्रद्धाळू कॅथलिक आणि तिघांचे पक्ष ख्रिश्चन लोकशाहीवादी. जर्मनीतले समाजवादी नेते कुर्ट शूमाखर या युरोपवर भडकून असायचे. त्यांच्या मते हा युरोप भांडवलदारांचा तर होताच, पाद्र्यांचाही होता. टीका बोचरी होती, पण अगदीच हवेतली नव्हती.

आता माझा मुद्दा. तो देवाबद्दल नाही, चर्चच्या बांधणीबद्दल आहे. कॅथलिक घरात वाढलेल्या मुलाला लहानपणापासून एक गोष्ट अंगवळणी पडलेली असते : आपल्या राजाच्या किंवा पंतप्रधानाच्या अखत्यारीत न येणारं एक पीठ, म्हणजे रोममधलं पोपचं, देशाबाहेर आहे, त्याचा शब्द इथे चालतो, आणि तो चालला म्हणून आपला देश बुडत नाही. अशा माणसाला ब्रुसेल्समध्ये बसून संघाचा कारभार हाकणारं आयोग नावाचं आणखी एक पीठ पहिल्या भेटीत परकं वाटत नाही. आवडेलच असं नाही, पण दचकायला होत नाही.

उत्तरेकडच्या प्रोटेस्टंट देशांत याच्या नेमकं उलट शिकवण. इंग्लंडच्या १५३३ च्या कायद्याने रोमकडे अपील करायलाच बंदी घातली. हे राज्य स्वयंपूर्ण आहे, त्याच्यावर बाहेरचा कोणी नाही, हे त्यात छाती ठोकून सांगितलं. डेन्मार्क-नॉर्वेत १५३०च्या दशकात राजाच चर्चचा धनी झाला. बायबल लोकांच्या भाषेत आलं, पाद्री राज्याचा नोकर झाला, आणि शाळेतल्या इतिहासात स्वातंत्र्याची कहाणी म्हणजे रोमच्या तावडीतून सुटल्याची कहाणी अशी पिढ्यान्‌पिढ्या घोटवली गेली. नॉर्वेच्या १८१४ च्या राज्यघटनेत कॅथलिकांतल्या जेझुइट पाद्र्यांना देशात बंदी होती. ती उठली कधी, तर १९५६ मध्ये. पुढच्याच वर्षी सहा देशांनी आजच्या संघाचा पाया घालणारा करार केला, आणि तोही रोममध्ये.

एका परिषदेत माझ्या शेजारी नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. घरात पत्ते नाहीत, नाच नाही, दारूचा थेंब नाही. रविवारी चर्च झालं की संध्याकाळी गावातल्या प्रार्थनाघरात पुन्हा जमायचं. युरोपच्या सामाईक बाजारात जायचं का, यावरच्या १९७२ च्या सार्वमताआधी त्या प्रार्थनाघरात कॉफी पिताना चर्चा काय चालायची? मासेमारीचे हक्क हा विषय तर होताच. पण त्याच्या जोडीला : खंडातून स्वस्त वाइन येईल, सरकारी दारूदुकानांची मक्तेदारी मोडेल, आणि आमच्यासारख्यांचं म्हणणं ऐकून घेणारं तिकडे कोणी नसेल. वडिलांनी 'नाही' म्हटलं. नॉर्वेतल्या ५३.५ टक्के मतदारांनी तेच म्हटलं. निकालानंतर सत्तेवर आलेल्या आघाडीचे पंतप्रधान लार्स कोर्वाल ख्रिश्चन पीपल्स पार्टीचे होते, हाही योगायोग नव्हे. १९९४ मध्ये पुन्हा विचारलं, पुन्हा नकार, ५२.२ टक्के.

राहिली ओस पडलेली चर्च. श्रद्धा आटली तरी सवय मागे राहते. चर्चची पायरी न चढणारा डॅनिश माणूसही 'आमचे निर्णय आम्ही घेऊ' हे ज्या सुरात म्हणतो, तो सूर त्याला प्रोटेस्टंट रोमपासून फुटले त्या धर्मसुधारणेनंतरच्या चार-पाच शतकांनी शिकवलेला आहे. डेन्मार्कने १९९२ मध्ये युरोपीय संघ स्थापणारा मास्ट्रिख्ट करार पहिल्या फटक्यात फेटाळला, २००० मध्ये युरो नाकारला. स्वीडनने २००३ मध्ये तोच युरो ५५.९ टक्क्यांनी नाकारला. या देशांना पैशाचा हिशोब येत नाही, असं तुमच्यासारखा बँकवाला तरी म्हणणार नाही.

प्रश्न : युरोपच्या झेंड्यावरचे बारा तारे म्हणजे मेरीच्या डोक्याभोवतीचं वलय, असं वाचलं. खरं का?

उत्तर : अधिकृत उत्तर 'नाही' असंच आहे. बारा हा पूर्णतेचा आकडा, वर्तुळ हे ऐक्याचं चिन्ह, बस्स. सदस्यसंख्येशीही संबंध नाही. मात्र रेखाटन करणाऱ्यांपैकी आर्सेन हाइट्झ यांनी म्हातारपणी बायबलमधल्या बारा ताऱ्यांच्या मुकुटाचं नाव घेतलं, आणि युरोप परिषद या संघाहून वेगळ्या संस्थेने झेंडा मंजूर केला ती तारीख होती ८ डिसेंबर १९५५, म्हणजे मेरीच्या निष्कलंक गर्भधारणेचा सण. एवढं मिळाल्यावर अफवेला आणखी काय हवं! कडव्या प्रोटेस्टंटांनी ती उचलून धरली आणि भाविक कॅथलिकांनीही. ज्याला भ्यायचं तो भ्याला, ज्याला सुखावायचं तो सुखावला.

प्रश्न : मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. कॅथलिक देशांना संघाकडून शेतीचं अनुदान आणि विकासनिधी भरपूर मिळाला, म्हणून ते खूश. यात धर्म वेगळा कसा काढायचा?

उत्तर : शाब्बास, हाच प्रश्न विचारायला हवा. आयर्लंड, स्पेन, पोर्तुगाल यांना निधी मिळाला आणि तिथे संघ लोकप्रिय झाला, यात धर्माला श्रेय द्यायची गरज नाही. म्हणून देशादेशांची तुलना करायची नाही, एकाच देशातल्या माणसांची करायची. अनुदान तेच, सरकार तेच, वर्तमानपत्रं तीच. मग कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शेजाऱ्यांची मतं वेगळी आहेत का? ब्रेंट नेल्सन आणि जेम्स गुथ या अमेरिकी अभ्यासकांनी युरोबॅरोमीटर या जुन्या जनमत पाहणीची माहिती घेऊन हेच चाळलं. उत्पन्न, शिक्षण, वय, राजकीय कल यांचा परिणाम बाजूला काढूनही कॅथलिकांचा पाठिंबा जास्त निघाला. त्यातही नेमाने चर्चला जाणाऱ्यांचा अधिक. नुसता शिक्का असलेल्यापेक्षा दर रविवारी प्रवचन ऐकणारा जास्त अनुकूल असेल, तर प्रवचनातून काहीतरी पोचत होतं असं मानायला जागा आहे.

काय पोचत होतं, याचं एक उदाहरण. १९३१ मध्ये पोप अकरावे पायस यांनी एका परिपत्रात सांगितलं की, जे काम लहान गटाला जमतं ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये. घर, गाव, संघटना, राज्य अशी ती चढती मांडणी. देश ही त्यातली एक पायरी, शेवटची नव्हे. हेच तत्त्व १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात कायद्याच्या भाषेत येऊन बसलं, आणि गंमत म्हणजे त्याचा आग्रह धरणाऱ्यांत ब्रुसेल्सला वेसण घालू पाहणारे ब्रिटिशही होते.

नेदरलँड्समध्ये हा फरक उघड दिसतो. झेलंडपासून ईशान्येकडे जाणाऱ्या 'बायबल पट्ट्या'त एस.जी.पी. नावाचा कट्टर कॅल्विनपंथी प्रोटेस्टंट पक्ष १९१८ पासून टिकून आहे. जागा मोजक्याच, पण मतदार हलत नाहीत, आणि युरोपच्या एकीकरणाबद्दलचा त्यांचा संशयही हलत नाही. उत्तर आयर्लंडचे प्रोटेस्टंट नेते रेव्हरंड इयन पेस्ली तर १९७९ पासून युरोपीय संसदेचे सदस्य. ११ ऑक्टोबर १९८८ ला पोप दुसरे जॉन पॉल तिथे भाषणाला उभे राहिले, तेव्हा हे लाल फलक फडकावून पोपना ख्रिस्तविरोधी ठरवत ओरडू लागले. सभासदांनी धरून त्यांना बाहेर काढलं. त्या झटापटीत शेवटच्या ऑस्ट्रियन सम्राटाचे चिरंजीव ओटो फॉन हाब्सबुर्गही होते! रोमविरोधी पाद्री आणि हाब्सबुर्ग घराण्याचा वारस, दोघेही विसाव्या शतकाच्या शेवटी एकाच संसदेत हातघाईवर. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतातही त्याच प्रदेशात कॅथलिक मोठ्या संख्येने संघात राहण्याच्या बाजूने आणि प्रोटेस्टंटांपैकी बहुतेक बाहेर पडण्याच्या बाजूने गेले.

पण तू सावध राहावंस म्हणून दोन उदाहरणं देते. ब्रिटनमध्ये २०१६ च्या मतदानाच्या दिवशी लॉर्ड अॅशक्रॉफ्ट यांनी घेतलेल्या मोठ्या पाहणीत स्वतःला ख्रिश्चन म्हणवणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांनी बाहेर पडण्याला मत दिल्याचं दिसलं. यावरून 'ख्रिश्चन संघविरोधी' असा मथळा देणं सोपं. पण ब्रिटनमध्ये ख्रिश्चन म्हणवणारे सरासरीने वयस्क, आणि वयस्कांनी तसंही बाहेरच पडायचं ठरवलं होतं. वय वेगळं काढल्याशिवाय यातून धर्माविषयी काही ठरवू नकोस. आणखी एक : अँग्लिकन चर्चचे सर्वांत वरिष्ठ धर्मगुरू, कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी आपण राहण्याच्या बाजूने असल्याचं मतदानाआधी जाहीर केलं होतं. कळपाने मेंढपाळाचं ऐकलं नाही.

दुसरं उदाहरण स्वित्झर्लंडचं. डिसेंबर १९९२ मध्ये संघाच्या बाजारपेठेशी जोडणाऱ्या युरोपीय आर्थिक क्षेत्रात जायचं का, यावर सार्वमत झालं आणि ५०.३ टक्क्यांनी नकार आला. माझं म्हणणं सरसकट लावलं तर प्रोटेस्टंट धर्मगुरू कॅल्विनच्या जिनिव्हाने नाही म्हणायला हवं आणि उरी, श्वित्स या जुन्या कॅथलिक डोंगरी परगण्यांनी हो. झालं बरोबर उलटं. जिनिव्हाने भरभरून होकार दिला, उरीने झिडकारलं. तिथे फ्रेंच भाषा आणि जर्मन भाषा ही रेघ धर्माच्या रेघेपेक्षा खोल होती. शिवाय उरी-श्वित्सचा सगळा अभिमानच परक्या न्यायाधीशांना न जुमानण्याचा. प्रबंधात हे प्रकरण घाल. परीक्षक तिथेच अडवेल.

प्रश्न : तुमचा सिद्धान्त पोलंडने खोटा पाडला आहे. एवढा कॅथलिक देश, आणि ब्रुसेल्सशी त्याचं उभं वैर! हंगेरीचंही तेच. उत्तर द्या.

उत्तर : देते. आधी हंगेरी बाजूला काढा. तिथले दीर्घकाळचे पंतप्रधान व्हिक्तोर ओर्बान स्वतः कॅल्विनपंथी आहेत आणि त्यांची घोषणा 'ख्रिश्चन युरोप' ही आहे, रोमची आज्ञा नव्हे.

पोलंडचं प्रकरण जास्त रोचक आहे, कारण तिथे एकाच चर्चची दोन तोंडं दिसतात. २००३ मध्ये संघात जायचं का, यावर दोन दिवस मतदान होतं. निम्म्याहून जास्त लोक मतदानाला आले नाहीत तर सार्वमताचा निकाल बंधनकारक ठरणार नव्हता, म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला. तिकडे तोरुन्य शहरातून चालणाऱ्या 'रादिओ मारिया' या कॅथलिक रेडिओवर संघाविरुद्ध रोज सरबत्ती चाललेली : जमिनी जर्मन विकत घेतील, गर्भपात लादतील, पोरं देव विसरतील. ऐकणारे कोण? खेड्यातल्या आजीबाई, सकाळ-संध्याकाळ जपमाळ हातात घेऊन रेडिओला कान लावणाऱ्या. त्यांना सरकारी जाहिरात वळवू शकली नसती. वळवलं पोलिश पोपनी. १९ मे २००३ ला सेंट पीटर्स चौकात जमलेल्या आपल्या देशबांधवांसमोर दुसरे जॉन पॉल म्हणाले, लुब्लिनच्या संघापासून युरोपीय संघाकडे. लुब्लिनचा संघ म्हणजे १५६९ मध्ये पोलंड आणि लिथुआनियाने केलेलं एकत्रीकरण, पोलिश शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असलेलं. त्या एका वाक्यात त्यांनी देशाभिमान आणि ब्रुसेल्स यांची गाठ मारून दिली. तीन आठवड्यांनी निकाल आला : मतदान सुमारे ५९ टक्के, होकार ७७ टक्क्यांहून थोडा जास्त.

मग पुढे काय बिघडलं? संघ बदलला. शुमानच्या काळात ब्रुसेल्स पोलाद आणि गहू बघायचं. कुटुंब, विवाह, गर्भपात या गोष्टींना कोणी हात लावत नव्हतं. नंतर हक्कांची भाषा आली. युरोपच्या नियोजित राज्यघटनेच्या प्रास्ताविकात देवाचं किंवा ख्रिश्चन वारशाचं नाव घालावं म्हणून पोलंड-इटलीने जंग जंग पछाडलं. १९०५ पासून राज्य आणि चर्च यांची फारकत केलेल्या फ्रान्सने ते होऊ दिलं नाही. शेवटी 'सांस्कृतिक, धार्मिक आणि मानवतावादी वारसा' अशी सगळ्यांना पुरेल आणि कोणालाच भावणार नाही अशी ओळ उरली. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या मसुद्यावर रोमच्या ज्या दालनात सह्या झाल्या, तिथे पोप दहावे इनोसंट यांचा ब्राँझचा भव्य पुतळा आहे. युरोपातल्या धर्मयुद्धांवर पडदा टाकणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालिया तहाचा निषेध करणारे ते हेच पोप. मसुदा पुढच्याच वर्षी फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी फेटाळला, पण त्यात पोपचा हात नव्हता.

तेव्हा जुना दुवा सैल झाला आहे, हे मी मान्य करते. आजचा नेमाने चर्चला जाणारा पोलिश मतदार ब्रुसेल्सकडे पाहतो तेव्हा त्याला युद्धाच्या राखेतून उठलेलं ऐक्य दिसत नाही, आपल्या मुलांना भलतंच शिकवणारं खातं दिसतं. न्यायालयांच्या स्वायत्ततेवरून सरकारांची भांडणं झाली, ती वेगळी. तरीही संघ सोडा म्हणणारे पोलंडमध्ये थोडेच आहेत. 'उभं वैर' हा शब्द २०२३ पर्यंतच्या सरकारला लावा, लोकांना नको.

प्रश्न : कॅथलिक-प्रोटेस्टंट पुरे. ऑर्थोडॉक्स देशांचं काय?

उत्तर : तिथे चर्च आणि राष्ट्र इतकी एकजीव आहेत की वेगळी काढताना कातडी सोलली जाते. ग्रीस १९८१ मध्ये आत आला. येताना अॅथॉस डोंगरावरच्या मठांचा खास दर्जा, जिथे आजही बाईला पाऊल टाकता येत नाही, जाहीरनाम्यात मान्य करून घेतला. खरा भडका उडाला २००० मध्ये, ओळखपत्रांवरून. ग्रीक ओळखपत्रावर धर्माचा रकाना असे. खासगी माहितीच्या संरक्षणाचा नियम लावून सरकारने तो काढला. आर्चबिशप ख्रिस्तोदूलोस यांनी थेसालोनिकी आणि अथेन्समध्ये लाखोंच्या सभा घेतल्या, सह्यांची मोहीम काढली. एका कार्डावरचा एक रकाना! पण त्या लोकांच्या मनात तो रकाना पुसणं म्हणजे 'ग्रीक' हा शब्दच अर्धा पुसणं होतं, आणि पुसणारा हात ब्रुसेल्सचा. सरकार बधलं नाही. ग्रीसही संघातून निघाला नाही.

ताजं उदाहरण मोल्दोव्हाचं. तिथे ऑर्थोडॉक्स चर्चचेच दोन तट आहेत, एक मॉस्कोच्या धर्मपीठाखालचा, दुसरा रोमानियाच्या. युरोपकडे जायचं ध्येय राज्यघटनेत लिहायचं का, यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये सार्वमत झालं आणि होकार निघाला ५०.३५ टक्के. परदेशात राहणाऱ्यांच्या मतांनी तारलं. पाद्री कोणत्या शहराकडे तोंड करतो, याला तिथे अजून किंमत आहे.

प्रश्न : तुर्कस्तानला मुस्लिम म्हणूनच बाहेर ठेवलं, हे सरळ का लिहीत नाही?

उत्तर : लिहिते, पण अर्धंच खरं म्हणून. अर्ज १९८७ चा, उमेदवारी १९९९ ची, वाटाघाटी २००५ पासून सुरू आणि आता कधीच्या थिजलेल्या. सायप्रसचा तंटा, कुर्दांचे हक्क, लष्कराचा आणि नंतर एर्दोआन यांचा कारभार ही कारणं खरी आहेत. पण २००२ मध्ये फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ उघड म्हणाले की तुर्कस्तान आला तर तो युरोपचा अंत ठरेल, आणि युरोपातल्या बऱ्याच ख्रिश्चन लोकशाहीवाद्यांनी मान डोलावली. ज्या पक्षांनी संघ उभारला त्यांनाच त्याची वेस आखताना चर्चचं शिखर दिसू लागलं.

मुस्लिम मतदारांची बाजू मात्र तुम्ही गृहीत धरता तशी नाही. वर सांगितलेल्या अॅशक्रॉफ्ट पाहणीत ब्रिटनमधल्या मुस्लिमांपैकी ७० टक्के संघात राहण्याच्या बाजूने होते. बाल्कनमध्ये संघासाठी सर्वांत उतावीळ कोण, तर अल्बानिया आणि कोसोव्हो, दोन्हीकडे मुस्लिम बहुसंख्य. आणि हात आखडता घेणारा ऑर्थोडॉक्स सर्बिया. कोसोव्होला नेटोने सोडवलं, सर्बियावर नेटोनेच बॉम्ब टाकले, ही आठवण तिथे प्रवचनापेक्षा भारी पडते.

प्रश्न : मग एकाच धर्माचे देश तरी सहज एक व्हायला हवेत?

उत्तर : इजिप्त आणि सीरिया १९५८ मध्ये झाले की! भाषा अरबी, बहुसंख्यांचा पंथ सुन्नी, वर इजिप्तचे नेते नासर यांची लाट. राजधानी कैरो ठरली, सीरियातले पक्ष बरखास्त झाले, दमास्कसच्या अधिकाऱ्यांवर इजिप्तचे अधिकारी येऊन बसले. २८ सप्टेंबर १९६१ ला दमास्कसमध्ये लष्करी उठाव झाला आणि संसार मोडला. प्रार्थना एक होती. तक्रार कुठे न्यायची, त्याचं पीठ दोघांचं मिळून कधी उभंच राहिलं नव्हतं.

आयर्लंडने संघाच्या करारात घालून घेतलेल्या गर्भपातविषयक अटीबद्दल आलेली पत्रं पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत. त्याला एवढी जागा पुरणार नाही.